काशीच्या पाठशाळेतील दोन यवनशब्द

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला काशीच्या संस्कृत पाठशाळेत पाश्चात्त्य रसायनशास्त्रासाठी काही संस्कृत संज्ञा घडविण्यात आल्या. ऑक्सिजनला 'प्राणप्रद', हायड्रोजनला 'जलकर' आणि नायट्रोजनला 'जीवांतक' अशी नावे त्यांत होती. आज ही नावे कोणाच्या तोंडी नाहीत. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती ठाऊक नाहीत आणि संस्कृतच्या अभ्यासकालाही ती मुद्दाम शोधावी लागतात. परंतु ज्या पाठशाळेत ही नावे बेतली जात होती, त्याच पाठशाळेतील ज्योतिषाचे विद्यार्थी त्याच वर्षांत 'मंदकेंद्र' व 'शीघ्रकेंद्र' काढून ग्रह स्पष्ट करीत होते, आणि त्यांतला 'केंद्र' हा शब्द मुळात ग्रीक आहे ह्याची खंत कोणालाही वाटत नव्हती. ऑक्सिजनचे नाव ग्रीक म्हणून ते टाळावयाचे आणि केंद्राचे ग्रीकपण मात्र लक्षातही येऊ नये, ह्या विसंगतीत भाषेच्या इतिहासातील एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे.

ही पाठशाळा १७९१ मध्ये बनारसचा रेसिडेंट जोनाथन डंकन ह्याने स्थापिली. १८४६ च्या सुमारास तिची सूत्रे जेम्स रॉबर्ट बॅलंटाइन ह्या स्कॉटिश पंडिताकडे आली व १८६१ पर्यंत ती त्याच्याकडेच होती. मराठी वाचकाला त्याची एक जुनी ओळख निघते. भारतात येण्यापूर्वी, १८३९ मध्ये, एडिंबरो येथे त्याने मराठी भाषेचे एक व्याकरण प्रसिद्ध केले होते. काशीत आल्यावर त्याने 'लघुकौमुदी' इंग्रजी विवरणासह छापली, आणि पुढे त्याहून धाडसाचा उद्योग आरंभिला. न्यायदर्शनाच्या पदार्थव्यवस्थेत बसवून युरोपातील विज्ञानाचा सारांश संस्कृत व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत १८५२ मध्ये त्याने प्रकाशित केला. त्याच वर्षी पाठशाळेतील पंडित विठ्ठलशास्त्री ह्यांनी बेकनच्या 'नोव्हम ऑर्गेनम'चे संस्कृत विवरण 'बेकनीयसूत्रव्याख्यान' ह्या नावाने सिद्ध केले. हे नाव मोठे मार्मिक आहे. बेकनची वचने सूत्रे झाली, सूत्रांना व्याख्यान जोडले गेले, आणि इंग्लंडचा एक चॅन्सेलर गौतम-कणादांच्या पंक्तीला जाऊन बसला. विठ्ठलशास्त्र्यांनी 'बेकन' ह्या नावाचे भाषांतर केले नाही, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. नाव जसेच्या तसे घेऊन त्याला तद्धित प्रत्यय लावला, एवढेच.

बॅलंटाइनची भूमिका १८५५ मध्ये मिर्झापूरला छापलेल्या त्याच्या भाषांतरविषयक प्रबंधात आली आहे. त्याच्या आदल्या वर्षी कंपनीच्या संचालकांचा शिक्षणविषयक खलिता निघाला होता आणि देशी भाषांतून विज्ञान शिकवावयाचे तर परिभाषा कोठून आणावयाची, हा प्रश्न निकडीचा झाला होता. युरोपातील भाषा जशा ग्रीक व लॅटिनकडे जातात, तशा येथील भाषांनी संस्कृतकडे जावे. संस्कृतात एकदा शब्द नीट घडला की तो हिंदी, बंगाली, मराठी अशा सर्व भाषांत आपोआप उतरेल, असा त्याचा विचार होता. तो निर्हेतुक होता असे नव्हे. १८५९ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्म व हिंदू दर्शने ह्यांच्या तुलनेवर ग्रंथ लिहिला, आणि पंडितांना त्यांच्याच तर्काने त्या धर्मापर्यंत आणावे ही आकांक्षा त्याच्या सर्व उद्योगामागे उभी होती. तरीही परिभाषेच्या प्रश्नाचा त्याच्याइतका कसून विचार त्या काळात थोड्यांनीच केला असेल. अर्थ न कळता कानावर आदळणारा शब्द शिष्याच्या बुद्धीला काहीच देत नाही, हे त्याचे म्हणणे सहजासहजी खोडून काढता येत नाही.

आता ऑक्सिजन ह्या शब्दाचाच अर्थ पाहावा. प्रीस्टलीने १७७४ मध्ये पाऱ्याचे तांबडे भस्म तापवून हा वायू मिळविला. स्वीडनमध्ये शेले त्याच्याही आधी तेथवर पोचला होता. लाव्हाझ्येने त्याचे खरे स्वरूप ओळखले. आरंभी फ्रान्समध्ये त्याला 'प्राणदायी हवा' अशा अर्थाचे साधे नाव होते. परंतु सर्व आम्लांचे बीज ह्या वायूतच आहे अशी लाव्हाझ्येची समजूत झाली, आणि 'ऑक्सिस' म्हणजे तीक्ष्ण, आंबट, व 'गेन' म्हणजे उत्पन्न करणे, ह्या दोन ग्रीक घटकांपासून 'आम्ल उत्पन्न करणारा' ह्या अर्थाचा नवा शब्द त्याने बनविला. १७८७ मध्ये गितों द मोर्व्हो, बेर्तोले व फुर्क्रवा ह्यांच्यासह त्याने रसायनाची जी नवी नामपद्धती प्रसिद्ध केली, तिच्यात हा शब्द स्थिर झाला.

समजूत चुकीची होती. १८१० मध्ये हंफ्री डेव्हीने क्लोरीन हे मूलद्रव्य असून त्यात ऑक्सिजनचा अंशही नाही हे दाखविले. मग त्याच्यापासून होणाऱ्या तीव्र आम्लात तरी तो कोठून येणार? अर्थ खोटा ठरला, पण शब्द तसाच राहिला. इंग्रजी वाचकाला ग्रीक कळत नसल्यामुळे त्याचे काहीच बिघडले नाही. ज्या भाषांनी मात्र त्या ग्रीक शब्दाचे प्रामाणिकपणे भाषांतर केले, त्यांच्या घरात ती चूक उघड्या डोळ्यांनी वावरू लागली. जर्मनांचा 'झावरश्टोफ' म्हणजे आंबट द्रव्य. रशियनांचा 'किस्लरोद' म्हणजे आम्लजनक. जपानी भाषेनेही डच शब्दावरून तोच अर्थ उचलला, आणि बंगालीत 'अम्लजान' झाला.

काशीत मात्र ही चूक झाली नाही, आणि येथे बॅलंटाइन व त्याचे पंडित ह्यांचा विवेक दिसतो. तिन्ही शब्द शेजारी ठेवून पाहिले म्हणजे तो स्पष्ट होतो. 'जलकर' हे हायड्रोजनच्या ग्रीक घटकांचे शब्दशः भाषांतर आहे, कारण तो वायू जळताना पाणी होते हे खरेच आहे. 'जीवांतक' हा नायट्रोजनच्या फ्रेंच नावाकडे बघून केलेला दिसतो. ते नाव 'आझोत', म्हणजे ज्यात जीव राहत नाही असा. ऑक्सिजनच्या बाबतीत मात्र ग्रीक व्युत्पत्ती बाजूला सारून द्रव्याच्या गुणाकडे पाहण्यात आले आणि 'प्राणप्रद' हा शब्द आला. लाव्हाझ्येने पॅरिसमध्ये जो अर्थ टाकून दिला होता, तोच काशीत पुन्हा वर आला असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

शब्द सुंदर होता, ह्यात शंका नाही. पण सुंदर शब्दाची अडचण अशी, की तो आपल्याबरोबर आपले जुने गोत घेऊन येतो. 'प्राण' हा काशीच्या नैयायिकाला कोरा शब्द नव्हता. त्याच्या शास्त्रात वायू हे नऊ द्रव्यांपैकी एक स्वतंत्र द्रव्य, रूपरहित व स्पर्शवान. आणि शरीरात संचार करणारा तोच वायू प्राण. आता त्याला सांगावयाचे की वायू हे मूलद्रव्य नसून मिश्रण आहे आणि त्याचा एक भाग 'प्राण देणारा' आहे. म्हणजे प्राण हा वायूचा एक प्रकार मानावयाचा की वायूतील एक घटक प्राणाचे कारण मानावयाचा? ज्याला हा प्रश्न पडेल त्याची पंचाईत आणि ज्याला पडणार नाही त्याला शब्दाचा अर्थ कळलाच नाही, असा हा पेच होता. बॅलंटाइनला न्यायाच्या चौकटीतच विज्ञान बसवावयाचे असल्यामुळे त्याच्या बाबतीत तो विशेष तीव्र झाला.

दुसरी अडचण रसायनशास्त्राच्या आतली होती. लाव्हाझ्येच्या नामपद्धतीचे सामर्थ्य एकेका नावात नाही, त्या नावांच्या संततीत आहे. ऑक्सिजनपासून ऑक्साइड, त्याचे मोनॉक्साइड-डायॉक्साइड असे भेद, आणि आम्ले व क्षार ह्यांची प्रत्ययांनी ओळखू येणारी कुळे. ह्या सर्वांत मूळ शब्दाचा अर्थ जितका झोपलेला असेल तितके बरे. 'प्राणप्रद' जागा शब्द आहे. लोखंडावर चढलेल्या गंजाच्या नावात प्राणप्रद आला तर तो विचित्र वाटतो. आणि कोळशाच्या शेगडीपाशी माणसे गुदमरून मरतात त्या विषारी वायूच्या नावात तो आला, तर नाव आणि वस्तू ह्यांत उघड वैर उभे राहते. आंधळ्या ग्रीक शब्दाला हे संकट कधीच आले नाही.

आता त्याच पाठशाळेतील ज्योतिषाच्या वर्गाकडे वळावे. तेथे १८४२ पासून बापूदेवशास्त्री अध्यापन करीत होते. त्यांचे मूळ नाव नृसिंह, उपनाव परांजपे; घराणे गोदाकाठचे. नागपुरात 'लीलावती' व बीजगणित शिकत असताना लॅन्सलॉट विल्किन्सन ह्या इंग्रज अधिकाऱ्याची दृष्टी त्यांच्यावर गेली. त्याने त्यांना सिहोरच्या पाठशाळेत नेले आणि तेथून ते काशीस आले. पाश्चात्त्य गणित त्यांनी आत्मसात केले, हिंदीत बीजगणित लिहिले, मानमंदिरावरील जयसिंहाच्या वेधयंत्रांचे वर्णन केले आणि 'सूर्यसिद्धांता'चे इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये कलकत्त्याला प्रसिद्ध केले. ह्या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात ग्रह आणि त्याचे उच्च ह्यांतील अंतराला 'केंद्र' म्हटले आहे.

ग्रीक भाषेत 'केंट्रॉन' म्हणजे टोचणारी वस्तू. बैलाला टोचण्याची पराणी, डंख, अणकुची. कंपासाचे जे टोक कागदात रुतवून वर्तुळ काढतात, त्या टोकाचा बिंदू तो वर्तुळाचा केंट्रॉन. लॅटिनमध्ये तो 'सेंट्रम' झाला आणि फ्रेंचमधून इंग्रजीत 'सेंटर' म्हणून गेला. दुसऱ्या वाटेने, फलज्योतिषाबरोबर, तो पूर्वेस आला. ग्रीक जातकात क्षितिज व याम्योत्तर ह्यांवरील चार मर्मस्थानांना हेच नाव होते. संस्कृतात लग्नापासून पहिले, चौथे, सातवे व दहावे ही स्थाने 'केंद्र' झाली. म्हणजे इंग्रजी 'सेंटर'ला मराठीत 'केंद्र' हा शब्द देताना आपण भाषांतर करीत नाही. एकाच आईची, लहानपणी वेगळ्या झालेली दोन लेकरे आपण एकमेकांशी गाठ घालून देतो.

ह्याहून उद्बोधक गोष्ट वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'त आहे. त्या चार स्थानांसाठी तेथे तीन पर्याय दिले आहेत: कंटक, केंद्र आणि चतुष्टय. ह्यांपैकी 'चतुष्टय' संख्येवरून आला. 'कंटक' म्हणजे काटा, टोचणारे टोक. केंट्रॉनच्या मूळ अर्थाला इतका जवळचा शब्द सहज सापडला नसता. जो वाद काशीत १८५५ मध्ये रंगला, त्याचे दोन्ही पक्ष सहाव्या शतकातच एका ओळीत शांतपणे नांदत होते. एक ध्वनी घेणारा आणि एक अर्थ घेणारा. टिकला तो ध्वनी घेणारा. 'कंटक' काटाच राहिला आणि जातकग्रंथांच्या बाहेर पडला नाही.

'केंद्र' एकटा नाही. 'होरा' हा ग्रीक 'होरा'च, इंग्रजी तासाच्या नावाचा सख्खा भाऊ. तो 'अहोरात्र' ह्या शब्दाचे पहिले व शेवटचे अक्षर गाळून झाला, असे मानणाऱ्यांचे मत वराहमिहिराने नोंदविले आहे. परक्याला दत्तक घेताना त्याची कुळी कशी लिहितात, ह्याचा हा नमुना. कलेला 'लिप्ता' म्हणतात तो 'लेप्टॉन'. लग्नापासूनचे सातवे स्थान 'जामित्र', म्हणजे 'डायामेट्रॉस', समोरासमोरचा. इंग्रजीतील व्यासवाचक शब्दाचा हा जुळा होय. साहित्याच्या अभ्यासकाला ह्यातले कौतुक विशेष वाटेल, कारण 'कुमारसंभवा'च्या सातव्या सर्गाच्या आरंभी पार्वतीच्या विवाहाचा मुहूर्त ह्याच जामित्राच्या शुद्धीवर ठरतो. हिमालयाच्या घरच्या मंगलकार्यात एक यवनशब्द अक्षता टाकून गेला आणि मल्लिनाथासारख्या टीकाकारांच्या मागोमाग शतकानुशतके वाचकांनी तो श्लोक निःशंकपणे वाचला.

काशीला तर ह्या व्यवहाराची सवयच होती. विदर्भातून आलेल्या घराण्यातील नीलकंठ दैवज्ञाने १५८७ मध्ये 'ताजिकनीलकंठी' रचली. तीतले 'इत्थशाल', 'इसराफ' इत्यादी योग अरबी शब्दांची संस्कृत रूपे आहेत. 'इत्थशाल' म्हणजे अरबी 'इत्तिसाल', जोडणी. गोदाकाठच्या गोलग्रामाहून काशीस स्थायिक झालेल्या कुळातील कमलाकराने १६५८ मध्ये 'सिद्धांततत्त्वविवेक' लिहिला. त्यात समरकंदच्या उलुघबेगाचा उल्लेख येतो. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जयसिंहाच्या आश्रयाने सम्राट जगन्नाथाने युक्लिडची भूमिती अरबीवरून 'रेखागणित' म्हणून संस्कृतात आणली. अरबांनी केंट्रॉनचे भाषांतर करून 'मर्कज' केले होते, म्हणजे भाला रोवण्याची जागा. त्या मर्कजसमोर संस्कृत प्रतिशब्द ठेवण्याची वेळ आली तेव्हा जगन्नाथाने 'केंद्र' ठेवला. दीड हजार वर्षे राशिचक्रात भटकलेला शब्द अशा रीतीने आपल्या जन्मस्थानी, वर्तुळाच्या मध्यबिंदूवर, परत आला; आणि तो परत आला हे खुद्द आणणाऱ्यालाही कळले असेल असे वाटत नाही.

एकोणिसाव्या शतकात हे कळले तेव्हा मात्र शांतता उरली नाही. बापूदेवांच्या आदल्याच वर्षी, १८६० मध्ये, 'सूर्यसिद्धांता'चे दुसरे इंग्रजी भाषांतर अमेरिकेत प्रसिद्ध झाले. ते एबेनेझर बर्जेस ह्या मिशनऱ्याचे. महाराष्ट्रात असताना शाळांसाठी मराठीत ज्योतिषाचे पाठ्यपुस्तक करावयास घेतल्यामुळे तो ह्या ग्रंथाकडे वळला होता. त्याच्या टीपांना व्हिटनीचा हात लागला, आणि केंद्रासारख्या शब्दांवरून व्हिटनीने भारतीय ज्योतिष ग्रीकांचे ऋणको ठरविले. बर्जेसला ते पटले नाही व त्याने आपले भिन्न मत त्याच ग्रंथाच्या शेवटी नोंदवून ठेवले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या इतिहासात हा वाद मराठीत आणून तपशिलाने चर्चिला आणि शब्दांवरून काढलेल्या सरसकट अनुमानांना आळा घातला. ह्या वादात शब्द हा साक्षीदार म्हणून उभा केला गेला, आणि साक्षीदारावर दोन्ही बाजूंनी ताण पडला. एका पक्षाला त्याच्या मुखातून संपूर्ण उसनवारी वदवावयाची होती. दुसऱ्याला त्याचे ग्रीकपणच नाकारावयाचे होते. खुद्द वराहमिहिराला असला संकोच नव्हता. यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यात चांगले प्रतिष्ठित आहे म्हणून ते ऋषींप्रमाणे पूज्य होत, असे 'बृहत्संहिते'त स्पष्ट म्हटले आहे.

'केंद्र' जगला आणि 'प्राणप्रद' गेला, ह्याचे कारण एकाचा ध्वनी आणि दुसऱ्याचा अर्थ एवढ्यात शोधणे पुरेसे नाही. 'केंद्र' हा शब्द रोजच्या कामाचा होता. काशीत, पैठणात, उज्जयिनीत पंचांग करणारा प्रत्येक जण दरवर्षी तो शेकडो वेळा लिहीत होता, त्याची भुजज्या काढीत होता, त्यावरून फल काढून ग्रहात मिळवीत होता. हाताखालून इतका गेलेला शब्द गुळगुळीत होतो. मग त्यापासून केंद्रित, समकेंद्री, विकेंद्रीकरण असे हवे तेवढे शब्द निघतात. 'प्राणप्रद'च्या वाट्याला असा वापर आला नाही. संस्कृतात रसायनाचे प्रयोग करणारी, हातात नळी धरून त्या वायूचे वजन-माप लिहिणारी पिढी निर्माण झाली नाही. ज्याला तो वायू प्रत्यक्ष तयार करावयाचा होता तो इंग्रजी शाळेत गेला, आणि ज्याला संस्कृत शिकावयाचे होते त्याला त्या वायूची गरज पडली नाही. १८६१ मध्ये बॅलंटाइन लंडनला गेला, आणि त्याच्या परिभाषेला कैवारी उरला नाही.

प्रश्न मात्र काशीतच पुन्हा उभा राहिला. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या नागरीप्रचारिणी सभेने वैज्ञानिक शब्दकोशाचे काम हाती घेऊन १९०६ मध्ये तो प्रसिद्ध केला. बापूदेवांच्या मागून पाठशाळेत आलेले सुधाकर द्विवेदी गणिताच्या बाजूने आणि मराठी घराण्यातले हिंदी लेखक माधवराव सप्रे अर्थशास्त्राच्या बाजूने त्यात होते. हिंदीत 'ओषजन' हा एक चतुर शब्द बराच काळ चालला. तो कानाला ऑक्सिजनसारखा लागतो आणि 'ओष' म्हणजे दाह असल्यामुळे अर्थही देऊ पाहतो. 'कंटक' आणि 'केंद्र' ह्यांची ती एका शब्दात केलेली तडजोड होती. पुढे नागपूरला डॉ. रघुवीरांनी 'जारक' व 'भूयाति' घडविले. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय शब्दावली आयोगाने मूलद्रव्यांची नावे आंतरराष्ट्रीय रूपातच, नागरी लिपीत लिहावी असे ठरविले, आणि मराठी विश्वकोशानेही ऑक्सिजन, नायट्रोजन अशाच नोंदी केल्या. त्या आयोगाला लावल्या जाणाऱ्या 'केंद्रीय' ह्या विशेषणाला मात्र कोणी पर्याय सुचविला नाही.

मराठीने ऑक्सिजनसाठी 'प्राणवायू' हा शब्द प्रयोगशाळेच्या बाहेर जपून ठेवला आहे. पंचप्राणांच्या जुन्या कल्पनेतून आलेला हा शब्द अर्थाने लाव्हाझ्येपूर्वीच्या फ्रेंच नावाशी आणि काशीच्या 'प्राणप्रदा'शी मिळतो. रासायनिक समीकरण वाचताना तो कोणी वापरीत नाही. २०२१ च्या साथीत, दवाखान्यांच्या दारांशी नळकांड्यांसाठी रांगा लागल्या तेव्हा, मराठी वर्तमानपत्रांचे मथळे 'प्राणवायू' आणि 'ऑक्सिजन' ह्या दोन्ही शब्दांनी भरून गेले होते, कित्येकदा एकाच पानावर.